बोल्टावरचं सूत

मिस्तरी गाडीखालून सरपटत बाहेर येतो आणि काळ्या तेलात माखलेला सुताचा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवतो.

"वटपौर्णिमा लांब शे अजून, काका," तो म्हणतो. "बोल्टाले सूत कोनी गुंडाळं?"

मी मूठ मिटून घेतो. सूत अजून कोमट आहे.

धुळ्याच्या वेशीवर, पारोळा रोडला, एका पत्र्याच्या गॅरेजसमोर बाकड्यावर मी बसलो आहे. वैशाखाच्या उन्हाने वरचा पत्रा तडतडतो आहे. सकाळी पारोळ्याहून निघालो. फागणे मागे पडलं आणि काचेखालचा ऑइलचा लाल दिवा लागला. मी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. उतरून पाहिलं तर मागे डांबरावर तेलाची काळी रेघ दूरवर गेलेली. ऑइल चेंबरच्या तळाला एक बोल्ट असतो. तो काढला की जुनं तेल खाली येतं. तो बोल्ट आपल्या जागी नुसता लोंबत होता. बोट लावलं तर हातात आला. भोकातले आटे पार गेलेले. एका ट्रॅक्टरवाल्याने दोर लावून इथवर ओढत आणलं.

उद्या आखाजी, आमच्या खान्देशातली अक्षय तृतीया. शिरपूरच्या पलीकडे एका खेड्यात माझी मोठी बहीण, आमची अक्का, पहाटेपासून लुगडं नेसून ओसरीत बसली आहे. बसली आहे म्हणजे उशांना टेकवून बसवली आहे. जळगावच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं, त्याला फार दिवस झालेले नाहीत. घरी न्या म्हणजे काय, हे मला रिपोर्टावरच्या आकड्यांवरून डॉक्टर बोलायच्या आधीच कळलं होतं. मी आकड्यांचा माणूस. टायरची हवा दर आठवड्याला मोजणारा, तेलाची पट्टी पुसून दोनदा बघणारा. पण ते आकडे वाचून झाल्यावर करायचं काय, ते कुठल्याही पट्टीवर लिहिलेलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. आखाजीला पारोळ्याला यायचं. मी म्हटलं, ॲम्ब्युलन्स आणतो, झोपून येशील. फोनवर बराच वेळ श्वास ऐकू आला. मग एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, "मी आबानी गाडीमाच येसू."

आबांची, आमच्या वडिलांची, ती गाडी आता माझ्यासमोर लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली आहे आणि तिच्या पोटाला भोक आहे.

आबांनी ही गाडी भाडी करायला विकत घेतली तेव्हा पारोळ्यात मोटारी मोजक्याच होत्या. गोल नाकाची, पांढरी, पुढे सलग बाक, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. तिच्या आतला तेव्हाचा वास मला आजही येतो. तापलेलं रेक्झिन, पेट्रोल, आबांची विडी आणि मागच्या सीटवर डोकं टेकून गेलेल्या बायकांच्या केसांचं खोबरेल. लग्नसराईत ती नवरदेवांची असायची. पण तिचा खरा हंगाम आखाजीचा. सासरी गेलेल्या लेकींना आणायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून जायचे, आणि ज्यांना जमे ते आबांची गाडी करून जायचे. त्या आठवड्यात तिचं बॉनेट कधी थंड लागलं नाही. आज अमळनेर, उद्या चोपडा, परवा साक्रीकडचं एखादं खेडं. गाडी वेशीत शिरली की आबा एक लांब हॉर्न द्यायचे आणि मग दोन तुटक. तो ऐकून कुणाची तरी माय चुलीवरचं तसंच टाकून रस्त्यावर यायची. दार उघडायचं. धुळीने राखाडी झालेली एक बाई उतरायची, आणि उंबऱ्यापर्यंत पोचेतो ती मुलगी झालेली असायची.

आम्ही दोघं भावंडं गाडीच्या मागच्या काचेतून हे बघत मोठी झालो. एकदा अक्काने विचारलं होतं, या सगळ्या जणी दार उघडल्यावर रडतात का? आबा म्हणाले, गाडीत धूळ फार असते.

मिस्तरी सांगतो, चेंबर ॲल्युमिनियमचं आहे, आटे पुन्हा तसेच पाडता येणार नाहीत. भोक मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे आणि मग आत तारेची कॉइल बसवायची. स्टीलच्या तारेची छोटी स्प्रिंग असते ती. आत बसली की तिचीच वेटोळी आटे होतात आणि जुनाच बोल्ट त्यात धरतो. पण त्या मापाची कॉइल त्याच्याकडे नाही. ती गावातल्या एका दुकानात मिळते आणि दुकानदार आखाजीसाठी दुपारीच गावी निघणार आहे. मिस्तरी फोन लावतो. उचलत नाहीत. पुन्हा लावतो. मग मोटारसायकलला किक मारतो आणि म्हणतो, गाडी राहू द्या इथे, दुसरी करून जा, काका. बहिणीला काय, पोचण्याशी मतलब.

मी नको म्हणून मान हलवतो. त्याला वाटतं, मला ऐकू आलं नाही. तो तेच पुन्हा मोठ्याने सांगतो आणि जातो.

आटे पहिल्यांदा कधी गेले, कुणाच्या हातून गेले, ते आमच्या घरात कुणी काढलं नाही. मला कळू लागलं तेव्हा ते गेलेलेच होते. आबा गाडीला येण्याआधी कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी दाबायच्या प्रेसवर होते. तिथले नट हाताएवढे. त्यांच्या मनगटाला त्या नटांची सवय लागलेली. कुठलाही बोल्ट पुरता बसला तरी त्यांचा पाना अजून अर्धा आटा पुढे जायचा. माय म्हणायची, यांच्या हाताला थांबा माहीतच नाही, बरणीचं झाकणसुद्धा यांनी लावलं की शेजारच्या पैलवानाला बोलवावं लागतं.

चेंबर बदलायचं तर गाडी उभी ठेवावी लागली असती, आणि उभी गाडी आमच्याकडे कुणाला परवडणारी नव्हती. आबांनी पाण्याच्या नळाला करतात तो उपाय केला. सूत आणि सफेदा, म्हणजे सांधे बुजवायचा पांढरा लेप. पण दुकानातलं सूत गरम तेलात टिकेना. तेव्हा अक्का पुढे आली. ती मायबरोबर देवाच्या वाती वळायची. सरकी काढलेला कापूस घ्यायचा, मांडीवर ठेवून तळव्याने एकच लांब ओढ द्यायची. माय वळायची ती वात मऊ, तेल पिणारी. अक्काने वळली ती वेगळी होती. घट्ट, बारीक, सतारीच्या तारेसारखी. नखाने टिचकी मारली तर वाजेल अशी. ती सफेद्यात बुडवून बोल्टावर गुंडाळायची, तीही बोल्ट जसा फिरत जातो त्या दिशेने, म्हणजे कसताना सूत उकलण्याऐवजी आणखी आवळतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आखाजीच्या सकाळी हे व्हायचं. आठवडाभर दुसऱ्यांच्या लेकी आणून गाडी दमलेली असायची. घरात नव्या मातीच्या घागरीत पाणी भरायचं चाललेलं, त्या घागरीचा पहिल्या पाण्याचा वास अंगणापर्यंत आलेला. आत माय तुपात सांजोऱ्या सोडते आहे, कोपऱ्यात गवताखाली आंबे. निंबाला झोके बांधलेले आणि गल्लीतल्या पोरी गौराईची गाणी म्हणत हाका मारताहेत. पारावर पुरुषांचे पत्ते रंगलेले, त्यांतला एखादा हरल्याबद्दल शिव्या खातो आहे. आणि आमच्या अंगणात आबा गाडीखाली उताणे पडलेले, शेजारी परकर खोचून अक्का. पितरांच्या घागरी भरण्याआधी गाडीचं तेल भरायचं, असा आबांचाच नियम. म्हणायचे, मेलेल्यांना थोडं थांबता येतं, हिला नाही.

जुनं तेल निथळलं की अक्का सूत गुंडाळायची आणि आबा पाना लावायचे. मी टॉर्च धरून वाकलेला असायचो. अक्का डावा तळवा चेंबरला टेकवून ठेवायची. डोळे मिटलेले. आबा कसत जायचे. आणि आत कुठेतरी, मला कधीच न कळलेल्या जागी, काहीतरी व्हायचं आणि ती म्हणायची, "बस, आबा."

तिच्या त्या एका शब्दावर ते मनगट थांबायचं. मायचं ऐकून थांबत नव्हतं, जिनिंगच्या मालकाचं, डॉक्टरचं, कुणाचंच नाही. तेल भरून झालं की ती झोक्यावर जायची. निंबाच्या वरच्या फांदीपर्यंत तिचे पाय दिसायचे आणि पावलांवर काळ्या तेलाचे ठिपके.

लग्न होऊन ती शिरपूरकडे गेली. मग आबांची गाडी आखाजीला आमच्याच लेकीला आणायला जाऊ लागली. पहिल्या आखाजीला दाजी तिला न्यायला आले. नवा जावई म्हणून मायने पाट-रांगोळी केलेली. दाजी अंगणात शिरले तर गाडीखालून हिरव्या पातळातले दोन पाय बाहेर, पायांत जोडवी. ते बिचारे तिथेच उभे राहिले. नंतर वर्षानुवर्षं ते सांगायचे, मी बायको न्यायला आलो होतो, मला वाटलं गाडीने खाल्ली.

आबा गेल्यावर मी तिला आणायला जाऊ लागलो. धुळे, नरडाणा, सावळद्याचा पूल. पुलावर ती खिडकीतून हात बाहेर काढून तापीला नमस्कार करायची आणि मग सासरचं सगळं तिथे सोडल्यासारखी माझी खोडी काढायला सुरुवात करायची. "तुले गाडी चालवानी परीक्षा कोनी पास करं रे?" घरी पोचली की घागरीचं पाणी प्यायची. आखाजीच्या वाटेवर ती दुसरं पाणी पीत नसे. पाणी पिऊन झालं की पदर खोचायचा आणि बोल्ट मागायचा. पाना आता माझ्या हातात असायचा, तळवा तिचा. "बस, भाऊ."

जवळच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये नवे आटे बसवायचं काम एका दुपारचं होतं. मला माहीत होतं, तिलाही. आम्ही कधी त्याचं नाव काढलं नाही.

फोन वाजतो. दाजी. विचारतात, कुठवर आलात. मी सांगतो, धुळ्यात आहे, थोडं काम निघालं. ते घसा साफ करतात. म्हणतात, हिने सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नाही, औषधाची गोळीपण तशीच आहे. माहेरच्या घागरीचंच पिईन म्हणते. तुम्ही सांगून बघा. मग फोन तिच्या कानाशी नेल्याचा आवाज येतो. मी म्हणतो, अक्का, दोन घोट घे, मी कुणाला सांगणार नाही. ती हसली असावी. आवाज हसण्याचा होता की खोकल्याचा, ते मला सांगता येणार नाही. मग एवढंच, "सूत?"

मी म्हणतो, येतोच आहे मी, निघालोच.

तिने ते विचारलं नव्हतं. हे तिला कळतं आणि मलाही. दाजी फोन परत घेतात.

गेली दोन वर्षं तिला येता आलं नाही. तेव्हा ती आखाजीच्या आधी वात वळून पाठवायची, शिरपूरहून येणाऱ्या कुणाच्यातरी हाती, केळीच्या पानात गुंडाळून. या वर्षी गाडी तिलाच आणायला जायची, म्हणून तेल आधी बदलायचं ठरलं आणि सूतही आधी आलं. मी पान उघडलं. वात उचलली.

ती सैल होती.

औषधांनी तिच्या बोटांतली जाण गेली आहे, हे दाजींनी सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि हातात येणं वेगळं. कापूस मध्ये जाड, मध्ये बारीक, पीळ अर्ध्यावर सुटलेला. ओढ देता देता हात थकला असणार, पुन्हा सुरू केलं असणार, तो जोड मला बोटाला लागत होता. मापाच्या माणसाला हे कळायला उजेडसुद्धा लागत नाही. हे गरम तेलात शिरपूरला जाऊन यायचं नाही, मला तिथेच कळलं होतं. घरात दुसरा कापूस होता. दुकानात टेफलॉनची टेप मिळते. मी ते काही केलं नाही. दुसरं सूत घेतलं असतं तर तिचे हात गेले, हे मी माझ्या हाताने लिहून दिल्यासारखं झालं असतं. मी तीच वात सफेद्यात बुडवली, गुंडाळली आणि पाना फिरवला. चेंबरला तळवा लावणारं कुणी नव्हतं. मी अंदाजाने थांबलो.

मिस्तरी परत येतो तेव्हा सावल्या लांब होऊ लागल्या आहेत. दुकानदार एसटी स्टँडवर सापडला, पिशव्या आणि बायकोपोरांसकट. त्याला परत दुकानापर्यंत आणून कुलूप उघडायला लावलं, वहिनींनी फार ऐकवलं, मिस्तरी सांगतो आणि खिशातून कागदाची पुडी काढतो. पुडीत बोटाच्या पेराएवढी चकचकीत कॉइल.

तो ड्रिलला ग्रीस फासतो, म्हणजे कीस आत न पडता ग्रीसला चिकटून बाहेर येतो. ड्रिल ओरडतो. मग तो आटे पाडायचा टॅप लावतो आणि हाताने फिरवायला लागतो. अर्धा पुढे, जरा मागे. अर्धा पुढे, जरा मागे. करकर असा आवाज, ओला भुईमूग दाताखाली यावा तसा. ॲल्युमिनियमचे चंदेरी केस त्याच्या मनगटावर पडतात. मी शेजारी जमिनीवर बसून टॉर्च धरतो. त्याने धरायला सांगितलेली नाही. माझा हात आपोआप तिथे गेला.

माझ्या डोक्यात दुसरा हिशेब चालू आहे. अजून घडीभर इथे. मग नरडाणा. मग पूल. मग खेड्याची वाट. तिचं पाणी. प्रत्येक वेळी बेरीज वेगळी येते आणि प्रत्येक वेळी कमी पडते. मिस्तरी टॅप थांबवून घाम पुसतो तेव्हा त्याच्या हातातून तो हिसकावून घ्यावासा वाटतो. मी नुसता टॉर्च सरळ करतो.

कॉइल आत जाते. तो आत डिझेल मारून भोक धुतो, बोल्ट घेतो, दोन बोटांनी फिरवतो. बोल्ट लोण्यात जावा तसा जातो.

"झालं," तो म्हणतो. "आता जन्मभर सूत लागनार नही, काका."

बाहेरून कुठेतरी हॉर्न येतो. हायवेवर रोजच येतात.

मी त्याला म्हणतो, बोल्ट परत काढ.

तो माझ्याकडे बघतो. मी मूठ उघडतो. तेलाने काळं झालेलं, तुटलेलं सूत. मी म्हणतो, हे गुंडाळायचंय. तो समजावतो, शांतपणे, उन्हाने डोकं फिरलेल्या माणसाला समजावतात तसं. कॉइलवर सूत लागत नाही. वॉशर नवा आहे. थेंब गळणार नाही. मी म्हणतो, माहीत आहे. आज रात्री माझी बहीण मला एक गोष्ट विचारणार आहे आणि तिला खोटं सांगायचं मला जमत नाही, कधीच जमलं नाही. लहानपणी जमलं असतं तर आंब्यांवरून इतका मार खाल्ला नसता.

मिस्तरी हात पुसतो. फडकं माझ्याकडे टाकतो आणि बाजूला सरकतो.

मी गाडीखाली जातो. पाठीला तापलेली फरशी. डोळ्यांसमोर तेलकट काळं पोट, आबांच्या वेळचं. तो तुकडा तळव्यावर ओढून पीळ द्यायचा प्रयत्न करतो. पीळ बसत नाही, पण जेवढं धरतं तेवढं बोल्टाच्या डोक्याशी गुंडाळतो, तो फिरतो त्या दिशेने. मग पाना लावतो. डावा तळवा चेंबरला टेकवतो आणि डोळे मिटतो. मला काहीच कळत नाही. नुसता धातू. मी कसत जातो आणि कुणी काही म्हणेल म्हणून थांबतो.

कुणी म्हणत नाही. मी अर्धा आटा आधीच पाना काढून घेतो. मग मिस्तरी नवं तेल भरतो आणि गाडी ठोकळ्यांवरून उतरवतो.

खेड्यात पोचतो तेव्हा गुरं परतली आहेत आणि धूळ अजून खाली बसलेली नाही. वेशीत मी एक लांब हॉर्न देतो आणि दोन तुटक. दाजी दारात येतात. मी आणि त्यांनी मिळून तिला उचललं. उचललेल्या वस्तूचं वजन मला सांगता येतं, लोक पैजा लावून विचारतात. आज मी अंदाज केला नाही.

मागच्या सीटवर तिचं डोकं दाजींच्या मांडीवर आहे. लुगडं हिरवंच आहे. ओठांना भेगा पडलेल्या. मी इंजिन सुरू करतो. तिचा हात सीटवरून घसरत खाली जातो आणि गाडीच्या पत्र्यावर, पायाखालच्या तळाला, तळवा सपाट टेकतो. बराच वेळ तसाच राहतो.

"सूत धरी राहिनं ना, भाऊ?"

"धरी राहिनं, अक्का."

ती डोळे मिटते. पुढे पूल आहे, नरडाणा आहे, धुळे आहे आणि मग पारोळ्याला अंगणात भरून ठेवलेली घागर. मी गाडी गिअरमध्ये टाकतो. ऑइलचा लाल दिवा विझलेलाच आहे. तरी मी वाटभर त्याच्याकडेच बघत राहतो. वर आरसा आहे. त्यात बघायचा धीर होत नाही.